निवृत्तीनंतर आरोग्य विमा ठेवावा की स्वतःचे बचत खाते?

प्रश्न (खानापूर, निवृत्त शिक्षक)
माझे वय 66. विनाअनुदानित शाळेत नोकरी झाल्यामुळे पेन्शन नाही. ठेवींच्या व्याजावर आम्हा दोघांचे चालते. आरोग्य विम्याचा हप्ता चार वर्षांत 22 हजारांवरून 41 हजारांवर गेला. मुलाचे म्हणणे असे की विमा बंद करून तीच रक्कम दरवर्षी वेगळी ठेवावी, आणि सरकारनेही निवृत्तांना सार्वजनिक विम्याऐवजी करसवलतीचे आरोग्य बचत खाते द्यावे, म्हणजे ज्याचा पैसा त्याच्याच कामी येईल. हिशेब पटतो, पण मन धजत नाही.

उत्तर (शहापूर, निवृत्त बँक कर्मचारी)
सर, तुमचा मुलगा विम्याकडे भिशीसारखे पाहतो आहे. भिशीत भरलेले परत मिळतेच. विम्यात ज्याच्यावर वेळ आली त्याला इतरांचे मिळते, आणि ज्याच्यावर आली नाही त्याने कुरकुर करायची नसते. हृदयाचे दुखणे दुसऱ्याच वर्षी उद्भवले तर तुमच्या खात्यात जेमतेम 85 हजार असतील. सिंगापूरने 1984 मध्ये मेडिसेव्ह हे सक्तीचे बचत खाते सुरू केले, तेही पगारातून कापून, म्हणजे जमवायला उभी नोकरी हाताशी ठेवून. तरी मोठ्या आजारांसाठी 1990 मध्ये मेडिशील्ड हा विमा जोडावा लागला. अमेरिकेतही 2003 च्या कायद्याने आलेल्या आरोग्य बचत खात्यात, मेडिकेअरमध्ये (मुख्यतः 65 वर्षांवरील लोकांचा सरकारी विमा) नाव लागल्यावर नवे पैसे भरता येत नाहीत, साठलेले तेवढे वापरता येतात. ही सोय मुलाच्या वयाची आहे, तुमच्या नव्हे.

उत्तर (निपाणी, माजी सैनिक)
आम्हाला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची सरकारी आरोग्य योजना आहे. हुद्द्यानुसार एकदाच वर्गणी भरली की पती-पत्नीला आजन्म उपचार मिळतात, त्यामुळे मी सुखात बसून बोलतो आहे हे मान्य. परंतु कर्नाटकच्या आरोग्य योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण असले, तरी एपीएलला, म्हणजे दारिद्र्यरेषेवरील कुटुंबाला, उपचाराच्या ठरलेल्या खर्चाच्या 30 टक्केच मिळतात, तेही दीड लाखांच्या मर्यादेत. केंद्राची 70 वर्षांवरील सर्वांसाठीची योजना ऑक्टोबर 2024 मध्ये आली. सरांना त्यासाठी अजून चार वर्षे आहेत. महाराष्ट्राने कर्नाटकातील 865 सीमागावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आहे, मात्र आपले गाव यादीत आहे का आणि ठरलेले रुग्णालय त्या योजनेचे कार्ड घेते का, हे दुखणे येण्याआधी विचारून ठेवावे. मुलाच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी: बचतीचा पैसा बेळगावातही चालतो आणि कोल्हापुरातही.

उत्तर (बेळगाव, कर सल्लागार)
विमा बंद करू नका, कंपनी बदला. पॉलिसी पोर्ट केल्यास जुन्या आजारांसाठी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) वाया जात नाही. बंद करून पुन्हा घेतल्यास तो तीन वर्षांपर्यंत नव्याने मोजला जाऊ शकतो. जानेवारी 2025 पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी कंपनीला विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, आणि सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. ताजी पावती या दोन्ही अंगांनी तपासा. बचत खाते हवेच असेल तर गोळ्या, तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांपुरते ठेवा, कारण हा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. जुन्या करपद्धतीत आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ज्येष्ठांना 50 हजारांपर्यंत वजावट आहे, पण करच बसत नसेल तर करसवलतीच्या खात्याचा तुम्हाला उपयोग काय, हे मुलाला जरूर विचारा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पावती काढून पाहिली. ती मागच्या वर्षीची निघाली. नवा हप्ता दोन महिन्यांनी आहे, तोवर पोर्टचा अर्ज करतो. पत्नीला मधुमेह आहे, तेव्हा नवी कंपनी तिला नाकारू शकते का, एवढे कोणी सांगावे.

उत्तर (बेळगाव, कर सल्लागार)
नाकारू शकते. म्हणूनच नवी कंपनी लेखी होकार देईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.