मदत हवी आहे: क्रोमचा टॅब संध्याकाळपर्यंत मरतो

मागावरचा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. शेडमधल्या टीव्हीवर प्रत्येक मागाचं उत्पादन दाखवणारं पान मी लावलंय. सकाळी झकास चालतं, दुपारी अडखळतं, रात्रपाळी लागेस्तोवर टॅब बंद. जावास्क्रिप्टमध्ये गार्बेज कलेक्टर (नको ती मेमरी आपोआप मोकळी करणारा) असतो ना? मग मेमरी मोकळी का होत नाही? मालक मागे लागलेत, लवकर सांगा.

रिकामा_ॲरे: रिॲक्ट लायब्ररी वापरलीत की साधं जावास्क्रिप्ट? आकडे किती वेळाने येतात? कोड टाका की राव.

पत्राशेड: सोलापूरचं ऊन, वर पत्रे. मशीन तापतंय. आमच्याकडे पंखा लावल्यावर थांबलं. रॅमही वाढवा.

रिकामा_ॲरे: तापल्याने मशीन मंदावेल, टॅबची मेमरी कशी फुगेल?

कामचलाऊ: दर तासाला लोकेशन.रिलोड() टाका, पान नव्याने उघडेल, विषय संपला.

मागावरचा: रिलोड केलं की पाळीची बेरीज जाते. साधं जावास्क्रिप्ट आहे. दर ५ सेकंदांनी डिव्ह (पानावरचा चौकोन) रिकामा करून नवा कॅनव्हास (चित्र काढायची जागा), त्यावर चार्टजेएस या आलेखाच्या लायब्ररीचा नवा चार्ट.

आधी_मोजा: सापडलं. जिथपर्यंत कुठूनच पोचता येत नाही तेवढंच कलेक्टर उचलतो. तुम्ही डिव्ह पुसलात, पण चार्टजेएस आपल्या यादीत प्रत्येक चार्ट धरून बसतं, डिस्ट्रॉय() म्हणेपर्यंत सोडत नाही. म्हणजे तासाला ७२० चार्ट! एकच चार्ट ठेवा, डेटा बदला, अपडेट() करा. डेव्हटूल्सच्या (क्रोममधली तपासणीची साधनं) मेमरी टॅबमध्ये थोड्या अंतराने दोन हीप स्नॅपशॉट, म्हणजे मेमरीत काय काय आहे त्याच्या नोंदी, घ्या आणि 'डिटॅच्ड' (पानावरून काढलेलं, पण मेमरीत उरलेलं) शोधा. एखाद्या ओळीवर क्लिक केलं की खाली रिटेनर्समध्ये कोणी धरलंय ते दिसतं. त्याआधी कोडमधले कन्सोल.लॉग (तपासणीसाठी छापलेल्या ओळी) काढा, लॉग केलेले ऑब्जेक्टही अडकून राहतात.

नवा_गडी: सरळ टाइपस्क्रिप्टवर (टाइप तपासणारं जावास्क्रिप्ट) या.

रिकामा_ॲरे: टाइप तपासून मेमरीची गळती थांबत नाही हो.

मागावरचा: डिटॅच्ड कॅनव्हासची रांगच होती! अपडेट() लावल्यावर गेली. पण मागावर क्लिक करून तपशिलाची खिडकी उघडली-मिटली की मेमरी अजून थोडी चढते.

आधी_मोजा: उघडताना ब्राउझरच्या विंडोवर रिसाइझचा लिसनर (आकार बदलला की चालणारं फंक्शन) लावत असाल. तो काढताना रिमूव्हइव्हेंटलिसनरला तेच फंक्शन द्यावं लागतं, तिथल्या तिथे नवं ॲरो फंक्शन लिहिलं तर जुनं निघत नाही. लिसनर ॲबॉर्टकंट्रोलरचा सिग्नल देऊन लावा, खिडकी मिटताना ॲबॉर्ट() म्हटलं की तो निघतो. आणि बेरीज सर्व्हरवर न्या, वीज गेली तरी ती जाणारच आहे.

कामचलाऊ: बेरीज लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ठेवली तरी चालेल. रिलोड मात्र असू द्याच.

आधी_मोजा: आत्ता नको. रिलोडखाली उरलेली गळती झाकली जाईल. आधी एक अख्खी पाळी चालवून मेमरीचा आकडा इथे टाका.