आयकर अधिकारी असल्याचा फोन: खरा की खोटा, घरबसल्या कसं तपासायचं?

मानेवाडा_चौक
बाबा नागपूरच्या डब्ल्यूसीएल या सरकारी कोळसा कंपनीतून निवृत्त झालेत, वय ७२. दोन दिवसांपासून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोन येतोय: "सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनातून बोलतोय. तुमच्या पॅनवर १,८४,००० रुपयांची डिमांड, म्हणजे थकीत कराची मागणी आहे. संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर वॉरंट निघेल." समोरच्याला पॅन, जन्मतारीख, जुनी नोकरी सगळं ठाऊक आहे. अशोकस्तंभ आणि सहीशिक्का असलेली पीडीएफ नोटीसही पाठवली आहे. पैसे अजून दिलेले नाहीत. नोटीस कशी तपासायची? आणि चुकून पैसे गेलेच तर पहिल्या तासात काय करायचं? बाबा फोन कापायलाही घाबरतात, सरकारी माणूस चिडेल म्हणतात. नेमकं सांगा जी.

धंतोली_करसल्ला
ताई, आधी फोन कापा. मग नोटिशीतल्या लिंकला किंवा क्यूआरला हात न लावता ब्राउझरमध्ये स्वतः इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन टाइप करा. पहिल्याच पानावर क्विक लिंक्समध्ये "ऑथेंटिकेट नोटीस/ऑर्डर" आहे, त्याला लॉगिन लागत नाही. तिथे नोटिशीवरचा डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक आणि तुमचा मोबाइल टाका. ओटीपी येईल, तो त्याच पानावर भरा. नोटीस विभागाने काढलेली असेल तर तसं दिसतं, नसेल तर नोंद सापडत नाही. हा ओटीपी भरायला हरकत नाही, कारण तो तुम्ही स्वतः उघडलेल्या सरकारी पानावर भरताय. फोनवर कोणालाही सांगायचा ओटीपी ही वेगळी गोष्ट आहे, ती कधीच करायची नाही.

डीआयएनचा नियम १ ऑक्टोबर २०१९ पासून आहे. अपवादाच्या काही प्रसंगी वरिष्ठांच्या लेखी मंजुरीने डीआयएनशिवाय पत्र निघू शकतं, पण फोनवरून पैसे मागायला तो अपवाद नाही. मात्र नुसता नंबर छापलेला पाहून विश्वास ठेवू नका. हे भामटेही 'आयटीबीए'ने (आयकर विभागाच्या संगणक प्रणालीचं नाव) सुरू होणारा लांबलचक नंबर छापतात, तो पोर्टलवर टाकला की उघडे पडतात.

दुसरी तपासणी बाबांच्या लॉगिनमधून करा. पेंडिंग अ‍ॅक्शन्समध्ये "रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड" आणि "ई-प्रोसीडिंग्ज" ही दोन्ही पानं बघा. आकारणी आता बहुतांशी फेसलेस, म्हणजे अधिकाऱ्याला न भेटता ऑनलाइन होते, म्हणून खरी नोटीस दिल्लीच्या केंद्रातून आली तरी ती इथे दिसतेच. दोन्ही पानं रिकामी असतील तर १,८४,००० ची गोष्ट तिथेच संपली. खऱ्या डिमांड नोटिशीत भरायला सहसा ३० दिवस असतात, आणि ती मान्य नसेल तर त्याच पानावरून असहमती नोंदवता येते. "संध्याकाळपर्यंत" ही मुदत कायद्यातली नाही.

पैसे भरायची वेळ आलीच तर "ई-पे टॅक्स"मधून चलन बनतं आणि त्याला सीआरएन, म्हणजे चलनाचा संदर्भ क्रमांक मिळतो. यूपीआयने भरलं तरी ते त्याच पोर्टलमधून जातं. कुण्या माणसाच्या यूपीआय आयडीवर किंवा बचत खात्यावर आयकर भरला जात नाही.

आणि पॅन, जन्मतारीख ठाऊक असणं हा काही पुरावा नाही. पॅनची झेरॉक्स आपण सिमकार्डापासून फ्लॅटच्या करारापर्यंत दहा ठिकाणी देतो. पॅन माहीत असलेला माणूस अधिकारीच असेल असं समजू नका.

बर्डी_शाखा
पैसे गेल्यास काय, त्यावर लिहितो. पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, बँकेत धावत जायच्याही आधी. चोराच्या खात्यात पैसे थांबतात तो वेळ फार कमी असतो, तिथून ते चार-पाच खात्यांत फुटतात आणि एटीएममधून निघतात. १९३० ची नोंद बँकांपर्यंत लवकर पोहोचते आणि पुढच्या खात्यांतली शिल्लक अडवता येते.

फोन लावण्याआधी समोर ठेवा: रक्कम, नेमकी वेळ, तुमचा खाते क्रमांक, पैसे गेलेल्या खात्याचा क्रमांक किंवा यूपीआय आयडी, आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक (यूपीआयमध्ये १२ अंकी). यूटीआर नसला की तक्रार अर्धवट राहते, सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. दोन वेळा पैसे गेले असतील तर दोन्ही वेगवेगळे सांगा. पावती क्रमांक लिहून घ्या, त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर पूर्ण तक्रार भरा, मग बँकेत लेखी अर्ज देऊन शिक्का घ्या.

एक गैरसमज खूप आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य, असं आहे. पण ते बँक किंवा ग्राहक दोघांचीही चूक नसलेल्या फसवणुकीसाठी. ओटीपी स्वतः सांगितला किंवा पैसे स्वतः पाठवले, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर पैसे गेले तर जबाबदारी बँकेची. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर हवी.

मानेवाडा_चौक
डीआयएन टाकला, नोंद नाही. लॉगिनमध्येही काही नाही. धन्यवाद. पण आता दिसलं की पीडीएफसोबत "रिफंड"च्या नावाची एक एपीके फाइलही आली आहे. बाबांनी दाबली का, त्यांना आठवत नाही.

महाल_मोबाइल_दुरुस्ती
मग ते खरं काम आता आहे. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते एसएमएस वाचायची परवानगी घेतं आणि ओटीपी परस्पर चोराकडे जातात, फोन करायचीही गरज उरत नाही.

लगेच विमान मोड लावा, वायफायही बंद करा. बँकेचे पासवर्ड, यूपीआय पिन आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच फोनवरून बदलले तर नवेही जातात. बँकेला सांगून नेट बँकिंग काही काळ थांबवा. मग सेटिंग्जमध्ये दोन जागा बघा: अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिन. अनोळखी नाव असेल तर आधी तिथली परवानगी काढा, नाहीतर "अनइन्स्टॉल" दाबलं तरी अ‍ॅप निघत नाही. तरीही अडलं तर सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरची अ‍ॅप्स बंद ठेवून फोन सुरू करून काढा. अ‍ॅपचं चिन्ह लपलेलं असू शकतं, म्हणून होम स्क्रीनवर न शोधता अ‍ॅप्सच्या पूर्ण यादीत बघा. आत काही सापडलंच तर फोटो बाजूला काढून फॅक्टरी रीसेट केलेलं बरं.

विमान मोड काढल्यावर *#२१# डायल करा. कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले दिसले तर ##००२# ने सगळं बंद होतं. बँकेचा ओटीपी आवाजी कॉलनेही येतो, त्यासाठीच हे वळवणं करतात.

इतवारी_जीएसटी
दुकानदारांसाठी एक भर. इतवारी-गांधीबागेत हाच खेळ जीएसटीच्या नावाने होतो. केंद्रीय जीएसटीच्या पत्रावरचा डीआयएन सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या) संकेतस्थळावर तपासता येतो. जीएसटी पोर्टलवरून निघालेल्या पत्रावर आरएफएन, म्हणजे संदर्भ क्रमांक असतो, तो पोर्टलच्याच "व्हेरिफाय आरएफएन"मध्ये टाका. चिकटवलेल्या लोगोवर जाऊ नका, नंबर तपासा.

धंतोली_करसल्ला
ताई, पैसे गेले नसले तरी त्या नंबरची तक्रार दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या "चक्षू"वर करा. स्क्रीनशॉट काढून ठेवा, चॅट पुसू नका. व्हिडिओ कॉलवर बसवून "डिजिटल अटक" म्हणाले तर तशी अटक कायद्यातच नाही, कॉल बंद करा. बाबांना भीती वाटत असेल तर त्यांना एकच वाक्य लिहून द्या: "नोटीस पोर्टलवर बघतो आणि सल्लागारामार्फत उत्तर देतो." एवढं बोलून फोन ठेवायचा. खरा अधिकारी यावर चिडत नाही, कारण त्यालाही उत्तर पोर्टलवरच हवं असतं. आणि ई-फायलिंगच्या प्रोफाइलमध्ये दुय्यम संपर्क म्हणून तुमचा मोबाइल आणि ईमेल आजच टाका.