प्रति: पहिली दुर्बीण, लेन्सची की आरशाची?
वर विचारलंय ना लेन्सची घ्यावी की आरशाची, तर माझं मत आरशाचीच. लेन्समधून प्रत्येक रंग वेगळ्या अंतरावर फोकस होतो, म्हणून स्वस्तातल्या लेन्सवाल्यात चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसते, आरशात ती भानगडच नाही, न्यूटन १६६८ मध्ये आरशाकडे वळला तो यामुळेच. शिवाय लेन्स फक्त कडेनेच धरता येते, फार मोठी केली की स्वतःच्याच वजनाने वाकते, त्यामुळे वेधशाळांमधली लेन्सची गाडी १८९७ च्या, अमेरिकेतल्या यर्कीस वेधशाळेच्या ४० इंच रुंद लेन्सवरच अडकली. आरशाला मागून आधार देता येतो.

अडचण फक्त एकच, आपल्या जळगावचा मे! गच्चीचा स्लॅब रात्री अकरालाही तव्यासारखा, त्या गरम हवेने माझ्या ६ इंची आरशाच्या दुर्बिणीत गुरू उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखा नाचत होता, खाली अंगणात पाणी मारून तासभर आरसा थंड होऊ दिला तेव्हा कुठे गुरूवरचे पट्टे दिसले.