पॅरिशच्या टीमसोबत पहिली हाफ मॅरेथॉन: वसई आणि किनारपट्टीवरच्या धावणाऱ्यांचा सल्ला हवा आहे

चाफेवाडी

नमस्कार मंडळी,

आमच्या पॅरिशमधल्या (एका चर्चला जोडलेल्या समाजातल्या) तरुण मुलामुलींनी आणि आम्ही काही पालकांनी मिळून धावण्याची टीम केली आहे. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनला आमच्यापैकी काही जण हाफ (२१ किलोमीटर) धावणार आहोत. त्यानिमित्ताने जमणारा निधी तालुक्यातल्या एका संस्थेला द्यायचा आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी ही संस्था आहे. माझ्या सासूबाईंचं शेवटचं वर्ष तिथल्या सिस्टरांमुळे सुसह्य झालं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, चादर न ओढता कशी काढायची, हे त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. त्यामुळे ही धाव मला मनापासून धावायची आहे.

माझं वय ४२. रोज चालते, पण शाळा सुटल्यानंतर धावले नाही. आमच्याकडे पाऊस अजून जोरात आहे आणि रस्त्यांवर जागोजागी पाणी आहे. जाणकारांनी तीन-चार गोष्टींवर सांगावं. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत तयारी कशी वाढवत न्यावी? राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर धावलेलं चालेल का? लांब धाव रविवारी ठेवली तर मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकते, त्याचं काय करावं? पैसे मागायची मला फार भीड वाटते, तेही सांगा. आणि शेजारची एक मैत्रीण आमच्यासोबत धावायचं म्हणते. ती वारकरी घरातली आहे. टीम चर्चची असल्याने तिला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढीच काळजी.

किल्लाबंदर

ताई, आधी अभिनंदन. पाच महिने हातात आहेत आणि रोज चालायची सवय आहे, म्हणजे हाफ नक्की होईल.

सुरुवातीला आठवड्यातून चारच दिवस. तीन दिवस छोटं धावणं, एक दिवस लांब. बाकीच्या दिवसांतले दोन पायांच्या आणि कमरेच्या व्यायामाला द्या: उठाबशा, पायरीवर टाचा उचलणं, पोटाचे व्यायाम. सुरुवातीला दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल. हे नवशिक्यांचं काम समजू नका. अमेरिकेचे जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले. त्यांनीच ही धाव-चाल पद्धत सर्वसामान्यांपर्यंत नेली आणि हजारो लोक तिच्यावर पूर्ण मॅरेथॉन करतात.

वेग किती? बोलता येईल इतकाच. तुमच्या टीमला तर यासाठी घड्याळ लागू नये. धावताना रोझरी (माळेवरची प्रार्थना) मोठ्याने म्हणा. 'नमो मरिया' धाप न लागता म्हणता आली तर वेग बरोबर. मधेच श्वास तुटला तर जास्त होतोय, कमी करा. ऑक्टोबर तर रोझरीचाच महिना आणि त्यातच ऑक्टोबर हीट, तेव्हा हे मोजमाप फार उपयोगी पडेल. त्या महिन्यात पहाटे पाचला रस्त्यावर असा आणि वेगाचा आग्रह सोडा. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, त्यामुळे तेच अंतर दुप्पट जड वाटतं. शरीर त्याला रुळायला दहा ते चौदा दिवस घेतं.

अंतराचा अंदाज: सप्टेंबरअखेर ६-७ किलोमीटर आरामात, ऑक्टोबरअखेर १०, नोव्हेंबरअखेर १४-१५. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी. आता ख्रिस्ती टीमसाठी महत्त्वाचं: नाताळ शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी येतो. मध्यरात्रीची मिस्सा, पाहुणे, कुस्वार (नाताळचा फराळ) करण्यात जागलेल्या रात्री. तेव्हा सगळ्यात लांब धाव, १८ किलोमीटरची, नाताळच्या आधीच्या शनिवारीच उरकून टाका. २५ ते ३१ दरम्यान फक्त पाय मोकळे करणं. नवीन वर्षाच्या पहिल्या शनिवारी एकदा १४, मग अंतर कमी करत न्या. शेवटच्या दोन आठवड्यांत 'राहिलेलं भरून काढू' असं कुणालाही करू देऊ नका. तेव्हा केलेल्या मेहनतीचा शर्यतीच्या दिवशी उपयोग होत नाही, थकवा मात्र उरतो.

आणि वसई सपाट आहे, हे विसरू नका. मुंबईत उड्डाणपूल आहेत आणि पेडर रोडचा चढ तर दमवणारा म्हणून ओळखलाच जातो. पाऊस संपला की महिन्यातून दोनदा तुंगारेश्वरच्या रस्त्यावर चढाचा सराव करा. तोवर जवळचा कुठलाही रेल्वेवरचा पूल चालेल.

गुहागरकर

किनाऱ्याबद्दल मी सांगतो, आमचं सगळं धावणं तिथेच.

चालेल, पण फक्त ओहोटीला आणि फक्त ओल्या, घट्ट वाळूवर. वरच्या सुट्ट्या वाळूत टाच आत जाते, पोटऱ्या आणि टाचेच्या वरची शीर ताणली जाते आणि मग महिनाभर दुखणं. दुसरं म्हणजे किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने धावत राहिलात तर समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि कंबर-गुडघा कुरकुर करतात. जितकं जाल तितकंच त्याच पट्टीवरून परत या.

वेळ पंचांगावरून काढा. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या सुमाराला असते, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सहा-साडेसहाला. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांब मागे जातं आणि घट्ट वाळूचा रुंद पट्टा मिळतो. धावायला याहून चांगलं काही नाही. पुढे रोज वेळ साधारण पाऊण-एक तासाने सरकते. अष्टमीला भांगाची (उधाणापेक्षा लहान) भरती नेमकी सकाळी सहाच्या आसपास येते, त्या आठवड्यात किनारा सोडा आणि रस्ता धरा. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, घड्याळ न बघता सांगतील.

पावसाळ्यात मात्र किनारा नको. लाटा कधी आत घेतील सांगता येत नाही.

शर्यत डांबर-काँक्रीटवर आहे, तेव्हा आठवड्यातल्या निदान दोन धावा रस्त्यावर हव्यातच. अनवाणी धावायचा मोह होतो, पण शंख-शिंपले आणि जाळ्याचे तुकडे असतात. बूट घाला.

दवाखाना_ते_दर्या

फिजिओथेरपिस्ट आहे, किनाऱ्यावरच प्रॅक्टिस. थोडक्यात लिहिते.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सुरुवात करण्याआधी बीपी, साखर आणि डॉक्टरांनी सांगितलं तर ईसीजी करून घ्यावा. घरात लवकर हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर नक्कीच. धावताना छातीत दाब, चक्कर, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबायचं. टीमच्या मुलांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे 'थोडं राहिलंय, चला' असं कुणी म्हणणार नाही.

पावसात साचलेल्या पाण्यातून धावू नका. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू पायाच्या छोट्या चिरेतूनही आत जातो, आणि नव्या बुटांनी पायाला फोड येतातच. पाण्यातून जावंच लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धुवा. पुढच्या काही दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर पाण्यातून गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुखतंय म्हणून धावण्याआधी ब्रुफेनसारखी गोळी घ्यायची पद्धत पडली आहे. घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती किडनीवर ताण देते. दुखणं धावताना वाढत असेल किंवा चाल लंगडी होत असेल तर त्या दिवशी घरी.

पाणी तहानेप्रमाणे. घामाने मीठ जातं, त्यावर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, तेही धोक्याचं. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस, पुडीवर लिहिलेल्या मापातच.

सुकेळीवाली

खाण्याचं मी सांगते! धावताना खायच्या एनर्जी जेलची पाकिटं महाग असतात आणि पुष्कळांना पोटात ढवळतं. आपल्या वसईची सुकेळी आहेत ना. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, मधाळ, चिवट, खिशात ठेवली तरी चिकटत नाहीत. छोटे तुकडे करून बटर पेपरमध्ये गुंडाळा. पाऊण तासानंतर एक तुकडा आणि दोन घोट पाणी, मग साधारण दर अर्ध्या तासाने. नवी सुकेळी पाऊस संपून ऊन पडल्यावरच मिळतील, आणि करणारी घरं आता थोडीच उरली आहेत, तेव्हा आधीच सांगून ठेवा. सरावातच खाऊन बघा, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको.

आदल्या रात्री सुकी मासळी आणि तिखट कालवण टाळा. भात, साधं वरण, थोडी भाजी, बस. मांड्या आणि काखेत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा, २१ किलोमीटरला कातडी सोलवटते.

पायवाट

मिस्सेबद्दल. लांब धाव शनिवारी ठेवा, प्रश्न मिटला. सराव रविवारी नाही, हे टीमचं ठरूनच जाऊ द्या. शर्यत स्वतः रविवारी आहे, त्यासाठी आदल्या संध्याकाळची मिस्सा आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, चर्चचा नियमच तसा आहे. फादरांना आधीच सांगितलंत तर त्याच मिस्सेत टीमला आशीर्वादही देतील.

हा पेच जुनाच आहे. स्कॉटलंडचे एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावले नाहीत, कारण प्राथमिक फेरी रविवारी होती. त्यांनी ४०० मीटरची तयारी केली आणि ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. पुढे मिशनरी म्हणून चीनला गेले आणि १९४५ मध्ये तिथल्याच जपानी नजरकैदेच्या छावणीत वारले. ते प्रॉटेस्टंट, त्यांचा रविवारचा नेम आपल्याहून कडक होता. पण मुलांना ही गोष्ट सांगा. आवडेल त्यांना.

आणि तुमच्या मैत्रिणीला बिनधास्त घ्या. व्हॅटिकनची स्वतःची धावण्याची टीम आहे, अ‍ॅथलेटिका वॅटिकाना, २०१९ मध्ये औपचारिकपणे जाहीर झालेली. त्यात धर्मगुरू, सिस्टर, स्विस गार्ड, तिथल्या औषधालयातले कर्मचारी असे सगळे धावतात. शिवाय दोन तरुण मुस्लिम स्थलांतरितांना त्यांनी मानद सदस्य करून घेतलं. पोपच्या दारातल्या टीमला जे चालतं ते आपल्या पॅरिशला का चालू नये? सुरुवातीच्या प्रार्थनेच्या वेळी तिला नुसतं शांत उभं राहू द्या किंवा तिला हवा तो अभंग मनात म्हणू द्या. वारीची सवय असलेल्या घरातली आहे, चालण्याच्या बाबतीत तीच तुम्हाला शिकवेल. टी-शर्टवर क्रॉस असेल तर तिला आधी दाखवा आणि मोकळेपणाने विचारा, एवढंच.

जमाखर्च

निधीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चांगल्या टीमचीही गडबड इथेच होते.

भीड वाटते कारण आपण स्वतःसाठी मागतोय असं वाटतं. तुम्ही धावण्याबद्दल बोलूच नका. वर पहिल्याच परिच्छेदात तुम्ही चादर न ओढता काढण्याबद्दल लिहिलंय, ते वाचून मीच खिशात हात घातला असता. तेच सांगा. 'एका रुग्णाला एअर बेड घ्यायचा आहे, इतकी किंमत आहे, त्यातले इतके जमलेत.' किंमत संस्थेकडून लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकच मेसेज ढकलण्यापेक्षा दहा घरी जाऊन बसा. आपल्याकडे कुणी दारात आलं तर चहा न पाजता पाठवत नाहीत, मग पैशांचं बोलणंही सहज निघतं.

पैसे कुणाच्याही स्वतःच्या खात्यात किंवा मोबाइल नंबरवर घेऊ नका, अगदी पॅरिश कौन्सिलच्या माणसाच्याही नाही. थेट संस्थेच्या खात्यात, आणि प्रत्येकाला पावती. ज्यांना देणगीवर आयकरात ८०-जी ची सवलत हवी त्यांना दोन गोष्टी सांगा: २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात बसत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ती सवलत मिळतच नाही. संस्थेकडे ८०-जी नोंदणी आहे का, हे आधी विचारा.

वसईची अर्धी घरं गल्फ किंवा कॅनडाला जोडलेली, म्हणून हे नीट वाचा. भारतीय पासपोर्ट असलेला नातेवाईक बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतून पैसे पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, त्याची देणगी परदेशी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर प्रेमाने नाही म्हणा. प्रेमाने पाठवलेल्या पैशांपायी संस्था अडचणीत यायला नको.

अजून एक. कोणी किती दिले याची यादी चर्चच्या फलकावर लावू नका. ज्या बाईने मासळी विकून पन्नास रुपये दिलेत तिला ती यादी बघून कानकोंडं होईल.

चाफेवाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं छापून टीमच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. सराव शनिवारी, हे आजच ग्रुपवर ठरलं. मैत्रिणीलाही धागा वाचायला दिला, ती हसली आणि म्हणाली की 'नमो मरिया'सारखंच हरिपाठ म्हणूनही वेग मोजता येईल. जमाखर्च दादा, एफसीआरएचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माझी नणंदच टोरंटोला आहे. संस्थेकडे उद्या चौकशी करते.

एक शेवटचं: शर्यतीच्या दिवशी वसईहून इतक्या पहाटे पोहोचायचं कसं?

किल्लाबंदर

हाफ पहाटे अंधारातच सुटते, त्यामुळे पहिल्या लोकलच्या भरवशावर राहू नका. टीमने मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवा, नाहीतर आदल्या रात्री वांद्र्या-माहीमकडच्या नातेवाइकांकडे मुक्काम करा. बिब (छातीवर लावायचा नंबर) आधीच्या दिवसांत एक्स्पोत, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनात, जाऊन घ्यावा लागतो, मूळ ओळखपत्र लागतं, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. म्हणजे शनिवारची संध्याकाळची मिस्सा हवी असेल तर एक्स्पोला गुरुवार-शुक्रवारीच जाऊन या.