प्रतिसाद: शेरीफ म्हणजे नक्की कोण?

वर कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेतला शेरीफ म्हणजे आपल्या मुंबईच्या शेरीफसारखं नुसतं मानाचं पद, तर तसं नाहीये हो. लॉस एंजेलिस काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) उदाहरण घ्या, तिथला शेरीफ लोकांनी मतं देऊन ४ वर्षांसाठी निवडलेला असतो आणि काउंटीचे तुरुंग, कोर्टाचा बंदोबस्त, शिवाय ज्या गावांना स्वतःचे पोलीस नाहीत तिथली गस्त, सगळं त्याच्याच अंगावर. १९५४ मध्ये तिथल्या लेकवूड शहराने पोलिसांचं काम शेरीफकडे द्यायचा करार केला, आता काउंटीतल्या ८८ पैकी ४२ शहरं पैसे भरून शेरीफचेच पोलीस घेतात.

स्वॉटबद्दल, म्हणजे धोकादायक कारवायांसाठीच्या खास सशस्त्र पथकाबद्दल म्हणाल, तर ते काम शेरीफच्या स्पेशल एन्फोर्समेंट ब्युरो या विभागाकडे. पण मला खरा आदर वाटतो तो त्यातल्या इमर्जन्सी सर्व्हिसेस डिटेल या बचाव पथकाचा, ही माणसं डेप्युटी (शेरीफचे पोलीस) पण आणि पॅरामेडिक (जागेवर तातडीचे उपचार करणारे) पण, वर पाण्यात बुडी मारायचं आणि डोंगरात उतरायचं ट्रेनिंग. मालिबूच्या बाजूला ट्रेकला गेलो होतो तेव्हा बघितलंय, दरीवर हेलिकॉप्टर एका जागी थांबलेलं, धुरळा नुसता, आणि एकजण दोराला लटकून पाय मोडलेल्या माणसापाशी उतरतोय. बंदुकीपेक्षा हे काम जास्त लोकांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.