उजनीवरच्या बोटींना हायड्रॉलिक स्टिअरिंग हवं की केबलच बरी?

भीमाकाठ (धागाकर्ता)

उजनी धरणाच्या यशवंत सागर जलाशयावर पक्षी दाखवणाऱ्या, पर्यटक फिरवणाऱ्या फायबर बोटी वाढल्या, तशी इंजिनंही वाढली. मागे बसून हाताने टिलर (इंजिनाचा दांडा) धरायचे दिवस मागे पडत चाललेत. आता पुढे चाक आणि मागे ६०, ९०, क्वचित ११५ एचपीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन). पण चाक आणि इंजिन यांना जोडते ती अजून तीच ढकल-ओढ केबल.

माझं मत असं: माणसं वाहणारी बोट आणि ६० एचपीच्या वरचं इंजिन असेल तर केबल काढा, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग लावा.

कारण सांगतो. पंखा एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे इंजिन सतत एका बाजूला ओढ घेतं. साध्या केबलमध्ये ती ओढ थेट चाकापर्यंत येते. वेगात असताना हात सुटला की इंजिन वळतं, बोट कलते आणि कडेला बसलेला माणूस पाण्यात जातो. हायड्रॉलिकमध्ये चाकामागच्या हेल्म पंपात एकमार्गी झडपा असतात. चाक फिरवलं तरच तेल सिलिंडरकडे जातं. इंजिनाकडून कितीही रेटा आला तरी झडप बंद, चाक जागच्या जागी.

मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली, सहा जण गेले. तिथे स्टिअरिंग बिघडलं होतं असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. पण वळवाचा वारा सुटला की नाळ (बोटीचं पुढचं टोक) लाटेवर धरून ठेवणं हाच चालकाचा सगळा धंदा असतो. तेव्हा त्याची ताकद चाकाशी झगडण्यात जाऊ नये. (लाइफ जॅकेट ही त्याच्याही आधीची गोष्ट.)

टेंभुर्णी_फिटर

भीमाकाठ साहेब, सहमत नाही. ओढ कमी करायला इंजिनाखाली ट्रिम टॅब, म्हणजे वळवता येणारा छोटा कल्ला, दिलेला असतो. बोट उजवीकडे ओढत असेल तर टॅबचा मागचा काठ थोडा उजवीकडे सरकवायचा, एक बोल्ट ढिला करून. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. राहिली तर 'नो-फीडबॅक' हेल्म (चाकामागची पेटी) मिळतो, केबल तीच, चाकाला लॉक. त्यासाठी तेल कशाला?

दुसरं, केबलची बदनामी होते ती समुद्रावर. खारं पाणी टिल्ट ट्यूबमध्ये (केबलची दांडी जिच्यातून जाते ती इंजिनाची नळी) शिरतं, आतली दांडी गंजून धरते. उजनीचं पाणी गोडं. इथे केबल जड होते ती ग्रीस न दिल्याने. आणि ग्रीस भरायची रीतही बहुतेकांना माहीत नसते. चाक फिरवून केबलची दांडी पूर्ण आत घ्यायची, मगच निपलमधून ग्रीस मारायचं. दांडी बाहेर असताना मारलं तर ग्रीस आत कोंडून स्टिअरिंगच अडकतं. शिवाय केबलला २० सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा वाक दिला असेल तर नवी केबलसुद्धा जड लागणार.

तिसरं आणि मुख्य. केबल महिनाभर आधी सांगते की मी जाणार आहे. जड होते, खडखडते. हायड्रॉलिकचा होज (तेलाची नळी) फाटला की त्याच मिनिटाला चाक मोकळं. मग करमाळ्याच्या काठावर कोण येणार दुरुस्तीला?

होज_आणि_पाना

फिटरदादा, ट्रिम टॅब आणि ग्रीस, दोन्ही मुद्दे शंभर टक्के बरोबर. नो-फीडबॅकवर मात्र थांबा. तिथे लॉक असतो चाकाच्या टोकाला. केबल झिजून आत खेळ आला की इंजिन त्या खेळापुरतं डावं-उजवं हलत राहतं आणि लॉक काही करू शकत नाही. हायड्रॉलिकमध्ये तेल दाबलं जात नाही, त्यामुळे खेळ शिल्लक नाही. अर्थात आत हवा नसेल तर.

आता निवड कशी करायची ते आकड्यात बघू, कारण दुकानदार फक्त एचपी विचारतो.

समजा सिलिंडरचा बोर (आतला व्यास) ३२ मिमी, रॉड १६ मिमी आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, म्हणजे बॅलन्स्ड. स्ट्रोक (पिस्टनची धाव) २०० मिमी. रॉडची जागा वजा जाता पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ६०३ चौरस मिमी, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला साधारण १२० सीसी तेल. हेल्म पंप एका फेऱ्यात २८ सीसी देत असेल तर १२० भागिले २८, म्हणजे सव्वाचार फेरे. ३९ सीसीचा पंप घेतला तर तीनच फेरे.

मग सगळे तीन फेऱ्यांचाच का घेत नाहीत? हाताचा जोर. लाइनमध्ये २० बार दाब धरला आणि चाक ३८ सेंटीमीटर व्यासाचं, तर २८ सीसीच्या पंपाला चाकाच्या कडेवर साधारण पाच किलोचा जोर लागतो, ३९ सीसीला पावणेसात. घर्षण वेगळं. दिवसभर पर्यटक फिरवणाऱ्या चालकासाठी मी चार ते पाच फेऱ्यांचा जोडच सांगेन. कमी फेरे वेगवान छोट्या बोटीला ठीक.

रॉड एकाच बाजूने बाहेर येणारा सिलिंडर घेतला तर याच मापात एका दिशेला सव्वाचार फेरे आणि दुसऱ्या दिशेला पावणेसहा. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी. पण नवख्या चालकाचा अंदाज चुकतो, म्हणून आउटबोर्डला बॅलन्स्डच बरा.

माढा_बागायतदार

एक विचारतो. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी यंत्रांचं हायड्रॉलिक काम करणारे कारागीर सोलापूर एमआयडीसीत किती तरी आहेत. ट्रॅक्टरचा ऑर्बिट्रोल (चाकाखालचं तेल वळवणारं युनिट), एक डबल अॅक्टिंग सिलिंडर आणि क्रिम्प केलेले होज, एवढ्यात निम्म्याहून कमी खर्चात बोटीचं स्टिअरिंग होतंय की. परदेशी किट कशाला?

होज_आणि_पाना

नाही मालक, हे करू नका. कारागिरांच्या हाताबद्दल शंका नाही, पण यंत्र वेगळं आहे.

ऑर्बिट्रोलला इंजिनावरच्या पंपाचं चालू तेल लागतं. आउटबोर्डवर तो पंप नाही. पंपाशिवाय तो हातपंपासारखा चालतो, पण ट्रॅक्टरचा ऑर्बिट्रोल एका फेऱ्यात १०० सीसीच्या आसपास तेल ढकलतो. वरचंच गणित लावा: २० बारला चाकाच्या कडेवर १७ किलो. आणि सिलिंडर १२० सीसीचा, म्हणजे सव्वा फेऱ्यात इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. जड आणि शिवाय अतितीव्र, दोन्ही वाईट एकाच वेळी.

शिवाय ट्रॅक्टरच्या सिलिंडरचा रॉड साध्या पोलादावर क्रोम चढवलेला असतो. क्रोमला टोचा पडला की तिथून गंज, गंजाच्या कडेने सील कापलं जातं. बोटीच्या सिलिंडरचा रॉड स्टेनलेसचा असतो तो उगाच नाही.

होजचं म्हणाल तर तारेची जाळी असलेला चांगला पाव इंची होज दाबाला पुरून उरतो. हेल्म पंपाची रिलीफ झडप बहुतेक ७० बारच्या आसपास उघडते, होजची क्षमता त्याच्या दुपटीहून जास्त. अडतं ते फिटिंगच्या आट्यांवर. आटे जुळत नसतील तर अॅडॉप्टरवर अॅडॉप्टर चढवू नका. आणि प्लंबरची पांढरी टेप या कामात अजिबात नको, तिचा एक धागा आत गेला की एकमार्गी झडपेच्या बसकीवर अडकतो आणि चाक घसरायला लागतं. पाइप सीलंटची पेस्ट लावा, तीही पहिले दोन आटे सोडून.

टेंभुर्णी_फिटर

हे माझ्याच बाजूचं झालं की. म्हणजे किट बाहेरचं, आटे बाहेरचे, सील बाहेरचं. तेल तरी इथलं चालतंय का? ट्रॅक्टरचं ४६ नंबर (नंबर म्हणजे तेलाचा घट्टपणा) सगळीकडे मिळतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, त्या उन्हात पातळ तेल पाण्यासारखं होणार, मग जाडच बरं नाही का?

भीमाकाठ

नाही चालत. या पंपांना १५ नंबरचं हायड्रॉलिक तेल सांगितलेलं असतं. ४० अंशाला ४६ नंबर त्याच्या तिप्पट घट्ट. उन्हाळ्यात एक वेळ निभावेल, पण डिसेंबरच्या पहाटे, पक्ष्यांच्या फेरीची वेळ तीच, चाक फिरवताना मनगट दुखेल आणि तेल टाकीत परतायला उशीर लागल्याने पंप हवा ओढेल. अडचणीत काठावर यायला गिअरबॉक्सचं एटीएफ टाकतात, ते तेवढ्यापुरतंच, नंतर काढून टाकायचं. ब्रेक ऑइल कधीच नाही, रबराची सगळी सीलं फुगवून टाकतं.

उन्हाबद्दल तुमची काळजी योग्य आहे, पण ती तेलाच्या पातळीची. तापलं की तेल फुगतं. हेल्म गळ्यापर्यंत भरला तर हवेच्या छिद्राच्या झाकणातून तेल बाहेर येऊन कन्सोलवर ओघळतं आणि लोक समजतात सील गेलं. झाकणाच्या आट्यांखाली साधारण अर्धा इंच जागा ठेवा. दोन ठिकाणी चाक असेल तर छिद्राचं झाकण फक्त वरच्या हेल्मला, खालच्याला बंद झाकण. नाहीतर वरचं तेल खालून वाहून जाईल.

कुंभारगाव_कठडा

मी दोघांच्या मधला. ४० एचपीपर्यंत केबल, निवांत. ९० च्या वर हायड्रॉलिक, वाद नको. मधल्या पट्ट्यात बोट किती भरते आणि दिवसाला किती फेऱ्या, यावर ठरवा. तयार हायड्रॉलिक संचांपैकी बेस्टार १५० एचपीपर्यंतच्या एका इंजिनाला चालतो. त्यावरच्या इंजिनाला किंवा दोन इंजिनांना सीस्टार या मोठ्या संचाच्या वर्गातला. मोठा संच छोट्या इंजिनाला चालतो, उलटं चालत नाही.

एक गोष्ट मात्र नेहमी विसरली जाते. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की इंजिन वारंवार वर उचलावं लागतं. सिलिंडर बसवल्यावर इंजिन पूर्ण वर उचलून चाक दोन्ही टोकांना फिरवून बघा. होज कुठे ताणला जातोय, इंजिनाच्या कंसात (ब्रॅकेटमध्ये) चेमटतोय, मागच्या फळीला सिलिंडर टेकतोय, हे काठावरच कळायला हवं. एकदा होजला पीळ पडला की फाटायची जागा तीच.

टेंभुर्णी_फिटर

मान्य. पण 'चाक मऊ लागतंय' म्हणून बोट आली तर काठावरच्या माणसाने काय करायचं? हवा काढायची म्हणून सिलिंडरवरचं निपल उघडून नुसतं चाक फिरवतात आणि तेल अंगावर घेतात.

होज_आणि_पाना

हवा काढायची रीत अशी, बॅलन्स्ड सिलिंडर धरून. माणसं दोन लागतात. हेल्मच्या तोंडाला नळी लावून तेलाची बाटली उलटी टांगा आणि बाटलीच्या बुडाला भोक पाडा. बाटली मध्येच रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. एका चाकाच्या बोटीला दोन लिटर तेल हाताशी हवं.

चाक उजवीकडे फिरवत राहा, रॉड उजव्या बाजूला पूर्ण बाहेर येईपर्यंत. आता उजवं निपल उघडा, त्याला पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडा. दुसऱ्या माणसाने रॉड आत सरकू नये म्हणून धरून ठेवायचा आणि पहिल्याने चाक डावीकडे फिरवायचं. इथेच लोक चुकतात, उजवीकडेच फिरवत बसतात. डावीकडे फिरवल्याने तेल उजव्या कप्प्याच्या नळीतून येतं आणि हवा निपलमधून निघते. बुडबुडे थांबले की चाक फिरवत असतानाच निपल बंद, रॉड सोडा. मग डावीकडे फिरवत रॉड डाव्या बाजूला पूर्ण बाहेर, डावं निपल उघडून चाक उजवीकडे. नळीत पांढुरकं, दुधाळ तेल दिसलं तर आत पाणी शिरलंय. सगळं तेल बदला.

शेवटी टोकाला नेऊन चाकावर जोर द्या आणि हेल्ममधली तेलाची पातळी बघा. जोर देताना पातळी खाली जाते, सोडताना वर येते, असं दिसलं तर हवा अजून आत आहे.

चाक जड असेल तर आधी सिलिंडर इंजिनाच्या हातापासून सोडवा. चाक हलकं झालं तर दोष इंजिनाच्या फिरत्या कंसात, ग्रीस द्या. जडच राहिलं तर होज चेमटलाय किंवा पंपात घाण. चाक टोकाला जाऊनही सावकाश फिरतच राहत असेल तर हेल्मचे दोन्ही पोर्ट प्लगने बंद करा. तरीही फिरलं तर दोष हेल्मच्या झडपेत, थांबलं तर सिलिंडरच्या पिस्टन सीलमध्ये. उगाच दोन्ही बदलू नका.

टेंभुर्णी_फिटर

हे छापून शेडमध्ये लावतो. तरी माझी अट कायम: हायड्रॉलिक लावणाऱ्याने बोटीतच एक लिटर १५ नंबर तेल, सिलिंडरचं सील किट, सीलची चकती उघडायचा दोन खुंट्यांचा पाना आणि एक वल्हं ठेवावं. होज गेला तर वेग एकदम उतरवायचा, एकाने इंजिन हाताने सरळ धरायचं, दुसऱ्याने वल्ह्याने नाळ सांभाळायची. एवढं ठेवायची तयारी नसेल त्याने ६० एचपीला नवी केबल टाकावी.

भीमाकाठ

अट मंजूर. त्यात एकच भर घालतो: रोज सकाळी बोट सोडण्याआधी सिलिंडरच्या रॉडवरून दोन्ही बाजूंनी हाताचं बोट फिरवायचं. तेलाचा पुसटसा ओलावा चालतो, थेंब लोंबत असेल तर त्या दिवशी प्रवासी घ्यायचे नाहीत. आणि उजनीचा गाळ रॉडवर वाळू द्यायचा नाही, संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसायचा. वाळलेला गाळ दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणाला सील घासतो.