विषय: ऑफिसच्या मंडळींना घेऊन डोंगरात – निवांत आणि परवडेल अशी दरी सुचवा

प्रेषक: झुरिकची सभासद

नमस्कार मंडळी,

आमच्या टीममधल्या बारा जणांना सप्टेंबरमध्ये शुक्रवार ते रविवार कुठेतरी डोंगरात जायचंय. खर्च कंपनी करणार नाही, ज्याचा त्याने करायचा. दोघं इंटर्न आहेत, त्यांच्या हातात फारसं काही उरत नाही. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिघी शाकाहारी आहेत. इंटरलाकेन-ग्रिंडेलवाल्ड सगळ्यांचं पाहून झालंय, आणि तिथली गर्दी आत्ता नकोच. गेले काही महिने कामाने सगळे पिळून निघालेत. कुणीही घड्याळ बघू नये, एवढंच मला हवंय. कुठे जावं?

---

प्रेषक: थूनच्या काकू

अगं, डोळे मिटून कीनटालच्या दरीत जा.

झुरिकहून श्पीट्स, तिथे गाडी बदलून रायखेनबाख, आणि स्टेशनबाहेरून पिवळी पोस्टबस, म्हणजे स्विस पोस्टाची प्रवासी बस. कीनटाल गाव साधारण साडेनऊशे मीटरवर आहे. उन्हाळ्याच्या मोसमात तीच बस पुढे ग्रीसआल्पपर्यंत, म्हणजे 1408 मीटरवर चढते. हा शेवटचा टप्पा आयुष्यात एकदा तरी अनुभवावा असा आहे. घळीतून जाणारा एकेरी रस्ता, जागोजागी हेअरपिन वळणं आणि चढ थेट 28 टक्के. युरोपातल्या सगळ्यात उभ्या पोस्टबस मार्गांत याची गणना होते. गाड्याही म्हणूनच आखूड असतात. वळणाआधी ड्रायव्हर तीन सुरांचा हॉर्न देतो, तो कातळावर आपटून परत येतो, आणि खिडकीतून खाली बघावं तर रस्ता नाहीच, नुसतं फेसाळलेलं पाणी! बारा जण म्हणजे निम्मी गाडी भरली, तेव्हा पोस्टबसला आधी कळवायला विसरू नकोस. बसचा मोसम कधी संपतो तेही तारीख ठरवण्याआधीच बघ.

आता पैशांचं. हॉटेलच्या नादाला लागूच नका. आपलं आपण रांधायचं असं ग्रुपेनहाउस, म्हणजे सगळ्या गटासाठी भाड्याचं घर, घ्या. नातुरफ्रॉइंडे संघटनेचीही अशी घरं आहेत. 1895 साली व्हिएन्नात कामगारांनी ही संघटना काढली, सामान्य माणसालाही डोंगर परवडावा म्हणून. अशा घरांत लांबलचक खोल्यांतून ओळीने गाद्या असतात आणि स्वयंपाकघरात चाळीस माणसांचं सूप होईल एवढाली पातेली. चादरींचं आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी स्लीपिंग बॅग आपली लागते. भाड्याशिवाय माणशी कुरटाक्स, म्हणजे पाहुण्यांवरचा स्थानिक कर, द्यावा लागतो. निघताना घर झाडून-पुसून द्यायचं किंवा सफाईचे पैसे मोजायचे. या दोन गोष्टी हिशेबात धरल्या नाहीत, तर शेवटच्या दिवशी चिडचिड होते.

प्रवासासाठी गेमाइंडेची, म्हणजे नगरपालिकेकडची, श्पारटागेसकार्टे बघा, एक दिवस चालणारं स्वस्त तिकीट असतं ते. 2024 पासून मिळते. हाल्बटाक्स (निम्म्या भाड्याचं सवलत कार्ड) असेल तर 39 फ्रँक, नसेल तर 52. हा पहिल्या टप्प्याचा भाव, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी काढलं तरच, तोही कोटा शिल्लक असेल तर. नंतर तेच 59 आणि 88 होतात. रविवारी परतायचं म्हणजे त्या दिवसाचं कार्ड वेगळं धरा.

फिरायला चिंगलझेचा काठ आहे. 1972 च्या अतिवृष्टीत दरड येऊन ओढा अडला आणि हे तळं झालं. आता गाळाने हळूहळू भरत चाललंय. पाणी उथळ, मधे वाळूचे पट्टे, आणि भोवती सपाट वाट. गुडघेवाल्याला बसने तिथवर येऊन दिवसभर बसता येईल. ज्यांचे पाय शिवशिवत असतील त्यांनी तिथून धबधब्यांच्या कडेने ग्रीसआल्पला चढावं, जेमतेम अडीचशे मीटरचा चढ आहे, पण दम काढतो. होटुर्लीचं नाव कुणी काढलंच तर स्पष्ट नाही म्हण. 2778 मीटरची खिंड आहे ती, ग्रीसआल्पहून जवळजवळ 1400 मीटर चढ. ती वेगळी सहल.

---

प्रेषक: बाझेलचे दादा

काकूंशी सहमत आहे, पण एका बाबतीत नाही. रेल्वेची तिकिटं इतक्या आधी काढू नयेत. त्या कार्टेला तारीख बांधलेली असते. पाऊस लागला की पैसे गेले.

दुसरं, सहकाऱ्यांबरोबरची सहल आणि मित्रांबरोबरची सहल यांत फरक असतो. मित्र तोंडावर सांगतो, मला परवडत नाही. सहकारी सांगत नाही. काहीतरी घरगुती कारण काढतो आणि येत नाही. म्हणून घर, किराणा आणि कुरटाक्स मिळून माणशी किती पडेल तो आकडा पहिल्याच मेलमध्ये टाका आणि तेवढेच ट्विंटवर (फोनवरून पैसे पाठवायचं ॲप) आधी गोळा करा. तिथे गेल्यावर ‘चला, रात्री फोंड्यू खायला बाहेर जाऊ’ असं कुणी म्हणालं, की इंटर्नची पंचाईत होते. पगार जास्त असलेल्यांनी थोडं जास्त घालायचं असेल तर गुपचूप घालावं, त्याची यादी फिरवू नये.

आणि मॅनेजर येणार असतील तर भांडी घासण्याच्या पाळीत त्यांचं नाव पहिलं लिहा. मी हे अगदी मनापासून सांगतोय. साबणाच्या पाण्यात हात घालून शेजारी उभं राहिलं की माणसं बोलतात, मीटिंगमध्ये बोलत नाहीत असं बोलतात.

---

प्रेषक: झुरिकची सभासद

काकू, दादा, दोघांचेही आभार. आकडा पहिल्या मेलमध्ये टाकते. मॅनेजर येणार आहेत, आणि पाळीला त्यांची ना नसेल. तिकिटाचं मात्र कळेना, आधी काढू की नको? आणि दोन्ही दिवस पाऊस लागला तर?

---

प्रेषक: थूनच्या काकू

दादांचं म्हणणं एकट्या-दुकट्यासाठी बरोबर आहे. तुमचं घर एकदा आरक्षित झालं की तारीख ठरलीच, पाऊस असो वा ऊन. मग तिकीट लांबवून फायदा काय? इंटर्नकडे हाल्बटाक्स नसेल तर 52 चे 88 होणार, आणि नेमकं त्यांनाच ते जड जाणार. निदान त्यांची तरी आधी काढ.

पाऊस पडला तर घरात बसा. तू म्हणालीसच ना, घड्याळ बघायला नको. कीनटाल गावात चक्कर मारून या. एप्रिल 1916 मध्ये, महायुद्ध चालू असताना, युद्धविरोधी समाजवाद्यांची परिषद याच एवढ्याशा गावात भरली होती, लेनिनसुद्धा आला होता. आडबाजूची शांत जागा त्यांनाही हवी होती. मात्र पावसात घळीच्या वाटेला जाऊ नका, दगड आणि मुळं बुळबुळीत होतात. एरवीसुद्धा ज्यांना सवय नाही त्यांनी पिवळ्या पाट्यांच्या वाटा सोडू नयेत. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणा दिसल्या की ती डोंगरवाट, तिथे बूट आणि पाय दोन्ही खात्रीचे हवेत. रेगा या हवाई बचाव सेवेचा 1414 हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेव. कुरणातून जाताना फाटक आपल्यामागे लावायचं, आणि वासरू जवळ असलेल्या गाईला लांबून वळसा घालायचा.

किराणा खालूनच घेऊन चढा, रविवारी बहुतेक दुकानं बंद. पहिल्या रात्री मुगाची खिचडी टाक. शाकाहारी तिघींचा प्रश्न सुटतो आणि बाकीचेही पोटभर खातात. तिथल्या पातेल्यांत ती बुडाला लागते, हे मात्र नक्की. माझ्याकडे मोठा कुकर आहे. तुमची गाडी थूनवरूनच जाते, डबा नंबर कळव, फलाटावर आणून देते.